पाठीवरचा भोपळा

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण ज्याने कुणी केली, तो बहुधा परदेशात राहिला नसावा. आम्हां परदेशस्थ मंडळींना डोंगर साजरे असोत वा नसोत, ते दुरूनच बघावे लागतात. भाचीचं लग्न दुरून, गणपतीची आरती दुरून, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशनही दुरून. त्यामुळे कुणी ‘दूरशिक्षण’ म्हटलं, की आम्हांला त्यात काही नवल वाटत नाही. वाचणं, ऐकणं, बघणं हे दुरून होतंच आलं आहे. खरी अडचण येते ती हातांनी करायच्या गोष्टींची. सोल्डरिंग दुरून कसं शिकायचं? मोटर उघडून बघायची ती कुठे?

हा प्रश्न आमच्यापुढे अगदी व्यवहाराच्या रूपात उभा राहिला. आमच्या मंडळाने यंदा महाराष्ट्रातल्या एका ग्रामीण शाळेच्या प्रयोगशाळेसाठी निधी जमवायला घेतला. पैसे बऱ्यापैकी जमले, आणि नेहमीप्रमाणे त्यांच्याबरोबर मतभेदही जमले. तरुण मंडळी म्हणाली, आता जुन्यापान्या काचेच्या नळ्या काय पाठवता? आभासी विश्वाचे हेडसेट पाठवा, मुलं घरबसल्या जगातली कुठलीही प्रयोगशाळा वापरतील. ज्येष्ठ म्हणाले, ही सगळी दुधाची तहान ताकावर भागवण्याची लक्षणं. मुलांच्या हातात खरी वस्तू द्या. आम्ही पेशाने इलेक्ट्रिकल इंजिनियर, तेव्हा ‘तुम्हीच काय ते सांगा’ म्हणून हे लोढणं आमच्या गळ्यात आलं. त्या निमित्ताने जे वाचलं, आठवलं आणि विचारलं, ते वाचकांपुढे मांडतो.

आभासी विश्व म्हणजे काय, हे आधी थोडक्यात. पोहण्याच्या गॉगलचा थोरला भाऊ शोभेल असं एक यंत्र डोळ्यांवर चढवायचं. त्यात दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रं दिसतात आणि मान वळवली की चित्रही वळतं. आपण बैठकीच्या खोलीत नसून एखाद्या कारखान्यात उभे आहोत, अशी मेंदूची खात्री पटते. दोन्ही हातांत कंट्रोलर असतात. त्यांनी तिथल्या वस्तू उचलता येतात, बटणं दाबता येतात. गॉगलशिवाय नुसत्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरही अशी विश्वं चालतात. तिथे वावरणाऱ्या आपल्या प्रतिमेला ‘अवतार’ म्हणतात. शब्द आपलाच आहे, हे इथल्या लोकांना सांगताना आमची कॉलर थोडी ताठ होते, हे कबूल.

हे प्रकरण तसं कालचं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब कंपनीने २००३ साली ‘सेकंड लाइफ’ नावाचं एक आभासी विश्व सुरू केलं, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत अमेरिकेतल्या विद्यापीठांनी तिथे बेटंच्या बेटं विकत घ्यायचा सपाटा लावला. आम्ही त्या सुमारास इथे एम.एस. करत होतो. उत्सुकतेपोटी तिथल्या एका व्याख्यानाला गेलो. हुबेहूब वर्ग होता, बाकं होती, फळा होता. आमचा अवतार दारातून आत न जाता दोनदा भिंतीवर आपटला. शेजारच्या बाकावर कोल्ह्याचं रूप घेतलेला एक विद्यार्थी गंभीरपणे बसला होता. एवढा थाटमाट करून शेवटी फळ्यावर काय दाखवलं, तर स्लाइड्स! वर्गात जे होऊ शकत नाही ते करून बघायची सोय असताना वर्गच पुन्हा बांधून ठेवला होता. २०१० साली कंपनीने शिक्षणसंस्थांची निम्म्या किमतीची सवलत बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा अनेक बेटांवर सामसूम झाली. २०१३ साली सवलत परत आली, पण गेलेली वऱ्हाडी मंडळी काही सगळी परतली नाहीत.

मग हे खूळच म्हणायचं का? तसंही नाही. कारण याच्या कितीतरी आधी, कॉम्प्युटरचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, आभासी शिक्षणाने लोकांचे जीव वाचवले आहेत. न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन नावाचं गाव आहे. तिथे एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. एडविनला विमानाचं वेड, पण शिकवणीचा खर्च परवडेना. त्याने ऑर्गनमधले हवेचे भाते आणि झडपा घेऊन १९२९ च्या सुमारास एक बुटकं लाकडी विमान तयार केलं. दांडा ओढला की ते डुलायचं, वळायचं, कलंडायचं. जमीन मात्र सोडायचं नाही. सुरुवातीला लोकांनी ते जत्रेतल्या पाळण्यासारखं वापरलं. १९३४ साली अमेरिकन लष्कराच्या वैमानिकांकडे टपाल वाहून न्यायचं काम आलं. ढगांत आणि अंधारात नुसत्या उपकरणांकडे बघून विमान चालवायची सवय बहुतेकांना नव्हती, आणि काही आठवड्यांतच डझनभर वैमानिक मृत्यू पावले. तेव्हा कुठे लष्कराने लिंककडून सहा ट्रेनर विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत पाच लाखांवर वैमानिक त्या निळ्या डब्यात बसून शिकले.

लिंकच्या डब्यात विमानाची हुबेहूब नक्कल नव्हती. खिडकीतून ढगही दिसत नव्हते. त्यात एकच गोष्ट होती, पण ती लाखमोलाची. तिथे चुकता येत होतं. ज्या चुकीची किंमत आकाशात प्राणांनी मोजावी लागते, ती चूक खाली दहादा करून मागाहून कॉफी पिता येत होती. आमच्या मते या सगळ्या शिक्षणाचं मर्म एवढंच आहे. जिथे चूक महाग आहे तिथे ती स्वस्त करून देणं, हे आभासी विश्वाचं खरं काम. नुसता खोटा वर्ग बांधून ते होत नाही.

आता ज्येष्ठांच्या ताकाच्या मुद्द्याकडे येऊ. ताकाला नावं ठेवण्याआधी आपल्याला दूध कितपत मिळत होतं, हे जरा आठवून बघा. आम्ही महाराष्ट्रात ज्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकलो, तिथे वीस जणांच्या बॅचला ऑसिलोस्कोप दोन, आणि त्यातला एक कायमचा आजारी. दुसऱ्याचं बटण फिरवायचा मान पहिल्या दोन हुशार मुलांचा. उरलेले आम्ही मागे उभे राहून पुढच्याच्या खांद्यावरून ती हिरवी रेघ बघत असू. रीडिंग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून यायचं. ड्रॉइंगच्या शीट्स काचेखाली दिवा लावून ‘जीटी’ मारून व्हायच्या. वर्कशॉपमध्ये मात्र कानशीने घासघासून फिटिंगचा जॉब स्वतः करावा लागे, आणि म्हणूनच तेवढा एक आजही हाताला आठवतो. आम्ही त्या ऑसिलोस्कोपपासून चार फुटांवर होतो, तरी ते दूरशिक्षणच होतं. अंतर काही फक्त मैलांत मोजत नाहीत. आभासी प्रयोगशाळेची तुलना करायची तर ती पुस्तकातल्या आदर्श प्रयोगशाळेशी करून चालणार नाही. मुलाच्या वाट्याला प्रत्यक्षात जी येते तिच्याशी करायला हवी.

अशी तुलना लोकांनी केलीही आहे. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळाल्यानंतरच्याच वर्षी, २००२ मध्ये, कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यातले प्रयोग पडद्यावर फुकट करता येतात, आणि त्यांतल्या पुष्कळांची मराठी भाषांतरंही उपलब्ध आहेत. त्याच विद्यापीठात एक चाचणी झाली. काही विद्यार्थ्यांनी खऱ्या तारा, दिवे आणि बॅटऱ्या घेऊन सर्किटचा प्रयोग केला, तर काहींनी तो फक्त पडद्यावर केला. नंतर दोन्ही गटांना खरं सर्किट जोडायला आणि त्याचं स्पष्टीकरण द्यायला सांगितलं. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पडद्यावर शिकलेली मुलं खऱ्या तारांच्या कामातही सरस ठरली! आम्हांला याचं कारण पटतं. पडद्यावर तारेतून धावणारे इलेक्ट्रॉन दिसत होते. खऱ्या तारेत ते कुणाला दिसतात?

दुसरं उदाहरण डॉक्टरांचं. येल विद्यापीठातल्या १६ शिकाऊ सर्जनांपैकी निम्म्यांना पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी लागणारी हातोटी नेहमीच्या शिक्षणाबरोबर आभासी यंत्रावर घोटायला लावली. मग सगळ्यांनी खऱ्या रुग्णांवर काम केलं. २००२ साली आलेल्या या अभ्यासात यंत्रावर हात बसलेल्यांचं काम २९ टक्के लवकर झालं, आणि पित्ताशयाला किंवा भलत्याच ठिकाणी इजा करण्याची शक्यता दुसऱ्या गटात पाचपट दिसली. आपण त्या टेबलावर आडवे असलो, तर ‘डॉक्टर, तुम्ही ताक प्यायलात की दूध?’ असं विचारत बसणार नाही.

तर मग सगळंच आभासी करून टाकावं का? इथे आम्ही थोडं थांबतो. अमेरिकेतल्या परिचारिका परीक्षा मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने १० नर्सिंग कार्यक्रमांतल्या विद्यार्थ्यांचा एक मोठा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाच्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास नकली रुग्णांवर, म्हणजे बोलत्या पुतळ्यांवर वगैरे, करून घेतले, तरी परीक्षेच्या निकालात आणि नोकरीतल्या कामात फरक पडला नाही. वाचणारे बहुतेकजण इथेच थांबतात. पण त्यात अटी होत्या. शिकवणारे खास प्रशिक्षण घेतलेले हवेत, आणि प्रत्येक सरावानंतर ‘तू असं का केलंस?’ ही चर्चा व्हायला हवी. शिवाय उरलेला निम्मा वेळ खऱ्या रुग्णांपाशी होताच. म्हणजे यंत्राच्या आधी गुरुजी आणि यंत्राच्या नंतर खरी खाट, ही दोन्ही टोकं सुटलेली नव्हती.

ती टोकं का सुटू नयेत, हे आम्हांला आमच्या रोजच्या कामात दिसतं. आमच्याकडे विजेची मोठी पॅनेल्स बनतात. अशा पॅनेलमध्ये चुकून ठिणगी उडाली, तर क्षणभर सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त तापमान होतं. समोरचा माणूस भाजून निघतो. तेव्हा काम सुरू करण्याआधी वीज तोडायची, कुलूप घालायचं, आपल्या नावाचा टॅग लावायचा, आणि वीज खरोखर गेली का हे तपासायचं. नव्या तंत्रज्ञांना हे आता आभासी पॅनेलवर शिकवतात. शिकवणारा मुद्दाम एक पायरी गाळायला लावतो. पुढच्या क्षणी डोळ्यांसमोर असा लोळ उठतो, की दणकट माणूसही दोन पावलं मागे सरतो. दहा व्याख्यानांनी जी पायरी लक्षात राहत नाही, ती तेवढ्याने राहते. पण नंतर त्याच माणसाच्या हातांत जाड रबरी मोजे चढवून त्याला खऱ्या, बंद पॅनेलपुढे उभं करतात. त्या मोज्यांत बोटं इतकी आखडतात, की साधा स्क्रू चिमटीत धरता येत नाही. गॉगलमधला स्क्रू मात्र कंट्रोलरचं बटण दाबलं की आपोआप हातात येतो. वजन, ताठपणा, घाम, वास या गोष्टी अजून तारेतून नीटशा येत नाहीत.

वासावरून आमच्या ताईच्या मुलाची गोष्ट आठवली. २०२० साली टाळेबंदी झाली, तेव्हा तो इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या मधल्या वर्षाला होता. कॉलेज बंद, लॅब बंद. भारत सरकारच्या शिक्षण खात्याच्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ प्रकल्पात आयआयटी मुंबई आणि पुण्याचं सीओईपी यांच्यासह अनेक संस्थांनी तयार केलेले प्रयोग इंटरनेटवर खुले आहेत. ते त्याने फोनच्या वीतभर पडद्यावर केले. ट्रान्सफॉर्मरच्या चाचण्या तोंडपाठ झाल्या. डिप्लोमा मिळाला, आणि पहिल्याच मुलाखतीत समोरच्याने कागद बघून विचारलं, ‘कोविड बॅच ना?’ प्रश्न तिथेच संपला, मुलाखतही. ताईचा रडवेला फोन आला. ‘तू एवढा शिकलेला मामा, आता तूच सांग, याचं शिक्षण खरं की खोटं?’

आम्ही दुरून काय सांगणार? पण मुलगा शहाणा निघाला. गावातल्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तो बिनपगारी जाऊन बसला. पहिले काही दिवस फक्त जळकी तार सोडवायची. पुढे विहिरीवरच्या पंपांच्या मोटरी भरायला शिकला. सहा महिन्यांनी त्याच्याशी बोलणं झालं, तेव्हा विचारलं, ‘काय रे, त्या फोनवरच्या प्रयोगांचा काही उपयोग झाला का?’ म्हणाला, ‘झाला ना मामा. दुकानातल्या काकांना मोटर भरता येते, पण ती का फिरते ते सांगता येत नाही. ते मला फोनमुळे येतं. फक्त फोनवर कनेक्शन चुकलं की लाल अक्षरं येतात, आणि दुकानात चुकलं की वास येतो. तो वास एकदा नाकात बसला की परत चूक होत नाही.’ आज तो चांगल्या नोकरीवर आहे. त्याचं शिक्षण खरं की खोटं, या ताईच्या प्रश्नाचं उत्तर त्यानेच दिलं: दोन्ही अर्धे मिळून एक झालं.

हाच अनुभव स्वयंपाकघरातही येतो. आमच्या सौ.ला उकडीचे मोदक आईंनी व्हिडिओ कॉलवर शिकवले. मुखऱ्या कशा पाडायच्या ते पडद्यावर उत्तम दिसलं. उकड किती मऊ हवी, हे मात्र पडद्यावर कसं दिसणार? तेव्हा आई म्हणाल्या, ‘अगं, स्वतःच्या कानाची पाळी दाबून बघ. तेवढी मऊ.’ हजारो मैलांवरून स्पर्श पाठवता येत नाही, पण जो स्पर्श शिकणाऱ्याजवळ आधीच आहे तो नेमका दाखवून देता येतो. मात्र त्यासाठी यंत्र पुरत नाही, शिकवणारा लागतो.

आपल्या महाराष्ट्राला हे नवीन नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. तिथे शेतीचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या शेतकऱ्याला प्रयोगशाळा शोधत हिंडायला नको. त्याचं स्वतःचं रान असतंच. गंगा घरोघरी गेली ती गेली, पण लेथ मशीन घरोघरी कसं न्यायचं, हा प्रश्न शिल्लक होता. आभासी विश्व त्याचं अर्धं उत्तर आहे. अर्धं हे काही कमी नव्हे. फक्त त्याला पूर्ण समजू नये, इतकंच.

गावाकडे मुलं विहिरीत पोहायला शिकत, ती पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून. भोपळा पाठीवर म्हणून पोरगं बुडत नसे, आणि बुडत नाही म्हटल्यावर हातपाय मारायला धजावत असे. कुणी त्याला ‘हे खोटं पोहणं आहे’ असं म्हणत नसे. पण दोन गोष्टी ठरलेल्या असत. भोपळा बांधला तरी मूल पाण्यातच असे, अंगणात नव्हे. आणि विहिरीत एक काका आधीच उतरलेले असत. त्यांचं लक्ष पोराच्या हातांवर असे. एके दिवशी तेच न सांगता दोरी सोडत.

आभासी विश्व म्हणजे आपल्या मुलांच्या पाठीवरचा भोपळा आहे, असं आमचं मत झालं आहे. तो जरूर बांधावा. आपल्यापैकी अनेकांची मुलं आता ऑनलाइन पदव्या घेतात, त्यांत अशा प्रयोगशाळा असतात. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात तर २०२२ पासून जीवशास्त्राचे विद्यार्थी गॉगल चढवून एका काल्पनिक प्राणिसंग्रहालयात जातात, तिथल्या प्राण्यांचे आजार शोधतात, आणि मग लॅबमध्ये बसून त्याचं गणित मांडतात. फी भरण्याआधी पालकांनी तीन प्रश्न विचारावेत. एक, यात मुलाला चुकता येतं का, आणि का चुकलं ते कळतं का? दोन, गॉगल काढल्यावर त्याच्याशी बोलायला कोण आहे? तीन, खऱ्या वस्तूला त्याचा हात कधी लागणार? तिन्हींची उत्तरं मिळाली तर बिनधास्त पैसे भरा. लहान मुलांच्या बाबतीत मात्र थोडं सबुरीनं घ्यावं. गॉगलमुळे काहींना गाडी लागल्यासारखी मळमळ होते, आणि कंपन्यांनी घातलेल्या वयाच्या अटीही बघाव्यात. मेटाने आपल्या हेडसेटची अट २०२३ साली १३ वरून १० वर्षांवर आणली, पण म्हणून दहाव्या वाढदिवसाला तोच आणायला हवा असं नाही.

आता मंडळाच्या निधीचं. आमची शिफारस समितीला कळवली आहे. हेडसेट दोनच घ्यावेत, शाळेच्या सामायिक वापरासाठी. शाळेतल्या कॉम्प्युटरवर ‘फेट’चे मराठी प्रयोग बसवावेत, त्याला दमडी लागत नाही. एका हेडसेटच्या किमतीत तिकडे साधे मल्टिमीटर डझनावारी येतात. ते इतके घ्यावेत की दोन मुलांत एक येईल आणि कुणाला खांद्यावरून बघावं लागणार नाही. उरलेली सगळी रक्कम तिथल्या प्रयोगशाळेत रोज दोन तास उभं राहणाऱ्या एका शिक्षकाच्या मानधनासाठी तीन वर्षं राखून ठेवावी. या शेवटच्या कलमावरच जास्त वाद होणार, याची आम्हांला कल्पना आहे. हेडसेटवर देणगीदारांच्या नावाची पट्टी चिकटवता येते, माणसावर येत नाही. पण भोपळे कितीही विकत मिळतील हो, विहिरीत उतरणारे काकाच हल्ली कमी झाले आहेत. पैसे तिथेच खर्च व्हावेत.